पदवी कोणाची, अध्यापन कोणाचे? : अभियांत्रिकीसाठी विद्यापीठाची निवड

बारावीचा निकाल आणि प्रवेश परीक्षेतील गुणानुक्रम हाती आल्यापासून पर्याय-अर्ज भरण्याची मुदत संपेपर्यंत विद्यार्थ्याला जेमतेम काही आठवडे मिळतात. एवढ्या अल्पावधीत त्याला आयुष्यातील चार वर्षे, कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा आणि पुढील काळातील नोकरीची पात्रता, या तिन्हींवर परिणाम करणारा निर्णय घ्यावयाचा असतो. हा निर्णय बहुधा ऐकीव नावलौकिकावर, शेजारच्या मुलाच्या अनुभवावर किंवा जाहिरातीतील एखाद्या डोळे दिपवणाऱ्या आकड्यावर घेतला जातो.

जेईई मुख्य परीक्षेस दरवर्षी दहा लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. देशातील २३ आयआयटींमधील पदवीच्या जागा सुमारे अठरा हजार आहेत. त्यांत ३१ राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, म्हणजेच एनआयटी, तसेच माहिती तंत्रज्ञान संस्थांच्या जागा मिळवल्या तरी बहुसंख्य विद्यार्थी या वर्तुळाबाहेरच राहतात. त्यामुळे ‘आयआयटी की अन्य’ हा प्रश्न वृत्तपत्रांत कितीही रंगला, तरी तो मोजक्यांचा प्रश्न आहे. बहुतेकांपुढील प्रश्न निराळा असतो : राज्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय, स्वायत्त महाविद्यालय, अभिमत विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ यांपैकी कोणते? या चार प्रकारांतील फरक माहितीपुस्तिकांतून क्वचितच स्पष्ट होतो.

तो समजून घेण्याची एक सोपी रीत आहे. ‘विद्यापीठ’ या एका शब्दाआड तीन वेगवेगळी कामे असतात : पदवी देणे, शिकवणे आणि परीक्षा घेणे. काही ठिकाणी ही तिन्ही कामे एकाच संस्थेकडे असतात, तर काही ठिकाणी ती विभागलेली असतात. कोणते काम कोणाकडे आहे आणि ते किती चांगले होते, हे पाहिले की निवडीतील बराचसा गोंधळ दूर होतो.

पदवी देण्याचा अधिकार

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार तीनच प्रकारच्या संस्थांना आहे : केंद्रीय किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, कलम ३ अन्वये ‘अभिमत’ म्हणून घोषित झालेल्या संस्था आणि संसदेने ज्यांना विशेष अधिकार दिला आहे अशा संस्था. आयआयटी तिसऱ्या प्रकारात येतात. प्रौद्योगिकी संस्था अधिनियम, १९६१ हा त्यांचा आधार होय. पूर्वीच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांमधून घडलेल्या एनआयटींना २००७ च्या अधिनियमाने हाच दर्जा मिळाला.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांसाठी यामागील घटनात्मक रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या वैज्ञानिक व तांत्रिक शिक्षणसंस्था संघसूचीतील ६४ व्या नोंदीखाली, तर उच्च शिक्षणातील दर्जाचे समन्वयन व निर्धारण ६६ व्या नोंदीखाली येते. विद्यापीठ स्थापन करणे हा राज्यसूचीतील ३२ व्या नोंदीचा विषय आहे. तंत्रशिक्षणासह शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने, १९७६ मध्ये, समवर्ती सूचीतील २५ व्या नोंदीत विस्तृत स्वरूपात समाविष्ट झाला. म्हणजे विद्यापीठ उभारण्याचा अधिकार राज्याचा आणि दर्जा राखण्याची जबाबदारी केंद्राची. या दोहोंमधील ताण अनेक न्यायालयीन निर्णयांतून प्रकट झाला आहे आणि त्याची झळ विद्यार्थ्यांनाच अधिक बसली आहे.

छत्तीसगड राज्याने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला. त्याखाली केवळ राजपत्रातील अधिसूचनेने अल्पावधीत शंभराहून अधिक विद्यापीठे अस्तित्वात आली. त्यांतील अनेकांकडे इमारत नव्हती, अध्यापकही नव्हते. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि ही विद्यापीठे एका निकालाने संपुष्टात आली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. नोकरीत असताना दूरशिक्षणाने मिळवलेल्या अभियांत्रिकी पदवीचा पदोन्नतीसाठी उपयोग होतो काय, या वादातून ओडिशातील एका सरकारी महामंडळाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या त्यात तपासल्या गेल्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित करून त्यांना तंत्रशिक्षण परिषदेची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घालण्यात आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. एव्हाना अनेकांच्या हाती पदवी येऊन दशक उलटले होते. नोकरी, वेतनश्रेणी, पदोन्नती असे सारे त्या कागदावर उभे होते. याच निकालानंतर अभिमत संस्थांनी आपल्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्द वापरू नये, असे आयोगाने कळवले. ‘अभिमत’ या विशेषणाकडे दुर्लक्ष करणाऱ्या पालकांना त्यातील कायदेशीर अर्थ त्या वेळी प्रथमच जाणवला असावा.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे स्थानही येथेच स्पष्ट करावयास हवे. १९४५ मध्ये सल्लागार मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या परिषदेला १९८७ च्या अधिनियमाने वैधानिक अधिकार मिळाले. संलग्न महाविद्यालयांना अभियांत्रिकी अभ्यासक्रमासाठी परिषदेची मान्यता घ्यावीच लागते. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना मात्र नवा तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी परिषदेची पूर्वमान्यता आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटले. म्हणून ‘परिषदेची मान्यता आहे का?’ हा नेहमीचा प्रश्न पुरेसा नाही. संस्था कोणत्या प्रकारची आहे, तिची पदवी कलम २२ च्या चौकटीत बसते काय आणि निवडलेला अभ्यासक्रम त्याच परिसरात, नियमित पद्धतीने चालवण्याची तिला अनुज्ञा आहे काय, हे पाहावे लागते. आयोग आपल्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांबरोबर बनावट विद्यापीठांचीही यादी देतो. ती चाळण्यास पाच मिनिटे पुरतात.

संलग्नता आणि स्वायत्तता

आता शिकवणे आणि परीक्षा घेणे या दोन कामांकडे वळू. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या संलग्नतेच्या पद्धतीत महाविद्यालय शिकवते आणि विद्यापीठ अभ्यासक्रम आखते, प्रश्नपत्रिका काढते व पदवी देते. मुंबई विद्यापीठासारखी सर्वसाधारण विद्यापीठे हे काम करतात. केवळ तंत्रशिक्षणासाठी स्थापन झालेली राज्य विद्यापीठेही ते करतात : चेन्नईचे अण्णा विद्यापीठ, बेळगावात मुख्यालय असलेले आणि १९९८ मध्ये स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, अहमदाबादचे गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठ किंवा रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ.

या पद्धतीचा गुण असा की लहान गावातील नव्या महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि राजधानीतील जुन्या महाविद्यालयाचा विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवतो. गुणांना बाहेरची साक्ष असते. दोष असा की शिकवणारा आणि प्रश्न विचारणारा हे दोघे एकमेकांना अपरिचित असतात. अभ्यासक्रमात बदल करावयाचा तर अभ्यासमंडळ, विद्वत परिषद अशा पायऱ्यांवरून तो शेकडो महाविद्यालयांपर्यंत पोचावा लागतो. परिणामी अध्यापन हळूहळू मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांभोवती फिरू लागते.

स्वायत्त महाविद्यालयाची कल्पना या दोषावरील उपाय म्हणून पुढे आली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात तिचा पुरस्कार केला होता. स्वायत्त महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम आखते, स्वतः परीक्षा घेते. पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच राहते. येथे विद्यार्थी व पालक नेमके गोंधळतात. स्वायत्तता म्हणजे स्वतंत्र विद्यापीठ नव्हे. पुण्याचे १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय अनेक वर्षे स्वायत्त होते, तरी त्याच्या पदव्या पुणे विद्यापीठ देत असे. २०२२ मध्ये राज्य कायद्याने ते स्वतः विद्यापीठ झाले. रुडकीचा प्रवास तर याहून लांबचा आहे : १८४७ मध्ये महाविद्यालय, १९४९ मध्ये विद्यापीठ, २००१ मध्ये आयआयटी. त्याच भूमीवर, त्याच परंपरेत शिकलेल्या तीन पिढ्यांच्या पदव्यांवर तीन निरनिराळी नावे आहेत.

स्वायत्तता चांगली की वाईट, याचे एकच उत्तर देता येत नाही. अध्यापकवर्ग समर्थ असेल तर ती वरदान ठरते. अभ्यासक्रम वेळेवर बदलतो, प्रकल्पाला वजन येते, प्रयोगशाळेतील काम केवळ नोंदवहीपुरते राहत नाही. अध्यापकांच्या जागा रिक्त असतील, तर मात्र स्वायत्तता म्हणजे स्वतःच्या प्रश्नपत्रिका छापून घेण्याची मुभा, एवढाच तिचा अर्थ उरतो. अशा ठिकाणी गुण सढळ हाताने मिळतात आणि त्यांचे मोल नोकरीच्या पहिल्या लेखी चाचणीत कळते. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्ये पंधरा वर्षांत, म्हणजे २०३५ च्या सुमारास, संलग्नतेची पद्धत क्रमाक्रमाने संपवण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे स्वायत्त संस्थांची संख्या वाढतच जाणार आणि त्यांच्यातील सरस-निरस ओळखण्याची गरजही तितकीच वाढणार.

ती ओळखण्याची किल्ली अध्यापकांच्या यादीत आहे. परिषदेच्या २०१८ पासूनच्या निकषानुसार अभियांत्रिकी पदवीसाठी वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हवा. आपल्याला हव्या असलेल्या शाखेच्या पृष्ठावर जाऊन अध्यापकांची नावे मोजावीत, त्यांतील नियमित किती व कंत्राटी किती, पीएच.डी. धारक किती, हे पाहावे. साठ जागांच्या शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी असतात. त्यांना किमान बारा अध्यापक लागतात. यादीत सहाच नावे असतील तर उरलेले तास कोण घेते, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारणे योग्य. शक्य झाल्यास संस्थेला सुट्टीच्या नव्हे, तर कामकाजाच्या दिवशी भेट द्यावी आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नवखा असतो, तर शेवटच्या वर्षाचा मनाने बाहेर पडलेला असतो.

अधिस्वीकृती व क्रमवारी

‘आमची संस्था अधिस्वीकृत आहे’ हे वाक्य अनेक माहितीपुस्तिकांच्या मुखपृष्ठावर असते. त्याचा अर्थ तपासून घ्यावा. बेंगळुरू येथील राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे ‘नॅक’, संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे ‘एनबीए’, संस्थेचे नव्हे तर एकेका अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करते आणि तेही ठरावीक मुदतीपुरते. एखाद्या महाविद्यालयाच्या यंत्र अभियांत्रिकीला ही अधिस्वीकृती असेल आणि शेजारच्याच इमारतीतील संगणक अभियांत्रिकीला नसेल, हे सर्वस्वी शक्य आहे. म्हणून प्रश्न असा विचारावा : कोणत्या शाखेला आणि कोणत्या वर्षापर्यंत?

या मंडळाचे महत्त्व परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना अधिक आहे. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान इत्यादी सदस्य देशांतील मंडळे एकमेकांनी अधिस्वीकृत केलेल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना सममूल्य मानतात. परंतु हा लाभ मंडळाच्या ‘टियर-१’ गटातील अभ्यासक्रमांनाच मिळतो आणि या गटात विद्यापीठे व स्वायत्त संस्था येतात. अस्वायत्त संलग्न महाविद्यालयांचे अभ्यासक्रम दुसऱ्या गटात मोडतात. त्यांची पदवी देशात पूर्णतः वैध असते, कराराचे संरक्षण मात्र तिला लाभत नाही.

राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजेच एनआयआरएफ, २०१५ मध्ये जाहीर झाला आणि त्याची पहिली क्रमवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. अभियांत्रिकीत अध्यापन व साधनसामग्री यांना ३० टक्के, संशोधन व व्यावसायिक कार्याला ३० टक्के, पदवीधरांच्या फलनिष्पत्तीला २० टक्के आणि सर्वसमावेशकता व लौकिक यांना प्रत्येकी १० टक्के भार दिला जातो. २०१६ ते २०२४ या काळात अभियांत्रिकीत दरवर्षी आयआयटी मद्रासच प्रथम राहिली आहे. तथापि पदवीच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी : ३० टक्के भार असलेले संशोधन बव्हंशी पीएच.डी. च्या दालनात घडते. त्याची फळे दुसऱ्या वर्षाच्या वर्गापर्यंत पोचतातच असे नाही. ४० वा आणि ५५ वा क्रमांक यांतील अंतरावरून निर्णय घेण्यात फारसा अर्थ नाही.

क्रमांकापेक्षा त्यामागील आकडे अधिक उपयोगी आहेत. संस्थांनी सादर केलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते. प्रवेशित विद्यार्थी किती, त्यांपैकी विहित मुदतीत पदवी मिळवणारे किती, नोकरी मिळालेले किती, उच्च शिक्षणास गेलेले किती आणि वेतनाचा मध्यक किती, असा तक्ता त्यात असतो. जाहिरातीत ‘सर्वोच्च’ किंवा ‘सरासरी’ वेतन सांगतात. तक्त्यात मध्यक दिलेला असतो. फरक एका काल्पनिक उदाहरणाने कळेल. दहा पदवीधरांपैकी नऊ जणांना वार्षिक ४ लाख रुपये आणि एकाला ४० लाख रुपये मिळाले, तर सरासरी ७ लाख ६० हजार येते. मध्यक ४ लाखच राहतो. सामान्य विद्यार्थ्याने आपले स्थान त्या नऊ जणांत धरून हिशेब करावा. नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी काढतानाही भाजक कोणता, हे पाहावे. मुलाखतीसाठी ‘नोंदणी केलेल्या’ विद्यार्थ्यांच्या ९५ टक्क्यांना नोकरी मिळाली, या विधानात नोंदणीच न झालेले विद्यार्थी अदृश्य असतात.

शाखा आधी की संस्था आधी?

हा वाद जुना आहे. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरील प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढून टाकल्याने त्याला नवे वळण मिळाले. अनेक संस्थांनी संगणक व तत्सम शाखांतील जागा मोठ्या प्रमाणात वाढवल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता, विदा विज्ञान, सायबर सुरक्षा अशी नावे असलेल्या शाखाही उघडल्या. जागा एका वर्षात वाढवता येतात. त्या शिकवणारा अध्यापक एका वर्षात घडत नाही. नव्या नावाच्या शाखेत पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम संगणक अभियांत्रिकीहून किती वेगळा आहे, हे ताडून पाहिल्यास पुष्कळदा फरक थोडाच आढळतो.

शासकीय सेवेचा विचार असणाऱ्यांनी शाखेच्या नावाकडे विशेष लक्ष द्यावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि अणुविद्युत व दूरसंचार या चारच विषयगटांत होते. राज्यांच्या अभियांत्रिकी सेवांच्या जाहिरातींतही शाखेचा उल्लेख असतो. सार्वजनिक क्षेत्रातील अनेक उपक्रम ‘गेट’ परीक्षेतील गुणांवर भरती करतात, तेथेही विषयनिहाय जागा असतात. संगणक शाखेच्या मोहात नाकारलेली स्थापत्य किंवा विद्युत शाखा या वाटेवर अधिक फलदायी ठरू शकते. नागरी सेवा परीक्षेला मात्र कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. त्यासाठी शाखा बदलण्याचे कारण नाही.

माझे मत असे : आवड निश्चित असेल तर शाखेला प्राधान्य द्यावे, आणि सतराव्या वर्षी ती निश्चित नसेल (बहुतेकांची नसते) तर दारे उघडी ठेवणारी संस्था निवडावी. मुख्य शाखेबरोबर १८ ते २० अधिक श्रेयांक मिळवून दुसऱ्या विषयात ‘मायनर’ पदवी घेण्याची सोय परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात आहे. ती प्रत्यक्षात कोठे चालू आहे, याची चौकशी करावी. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल, या भरवशावर मात्र प्रवेश घेऊ नये. ती सोय काही नामांकित संस्थांनी बंद केली आहे आणि जेथे आहे तेथे ती मोजक्यांनाच लाभते.

खर्चाचा हिशेब

आयआयटींचे शिक्षणशुल्क २०१६ पासून वार्षिक २ लाख रुपये आणि एनआयटींचे सव्वा लाख रुपये झाले, हा आकडा पाहून कित्येक पालक मागे फिरतात. पण कौटुंबिक उत्पन्न १ लाखाहून कमी असल्यास पूर्ण आणि १ ते ५ लाखांदरम्यान असल्यास दोन-तृतीयांश शुल्कमाफी आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क पूर्णतः माफ आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांत उत्तम शिक्षण अत्यल्प शुल्कात मिळते.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांच्या शुल्कावर राज्यांच्या समित्यांचे नियंत्रण असते. २००३ चा इस्लामिक अकादमी निकाल आणि महाराष्ट्रातून उद्भवलेला २००५ चा पी. ए. इनामदार निकाल यांतून ही व्यवस्था रुजली. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झाले. अभिमत विद्यापीठे सामान्यतः या समित्यांच्या कक्षेबाहेर असतात. त्यामुळे तेथे पहिल्या वर्षाचे नव्हे, तर चारही वर्षांचे शुल्क व त्यातील वार्षिक वाढ लेखी घ्यावी. वसतिगृह, भोजन व प्रवास यांचा खर्च शुल्काइतकाच होऊ शकतो.

वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांत शुल्कमाफीच्या ५ टक्के अधिसंख्य जागा असतात. त्याच उत्पन्नमर्यादेत मुलींसाठी ‘प्रगती’ ही वार्षिक ५० हजार रुपयांची शिष्यवृत्ती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराविना शैक्षणिक कर्ज मिळते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के पतहमी आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. योजना मात्र राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांनाच लागू आहे; मंजुरीच्या वेळी अशा संस्था ८६० होत्या. क्रमवारीचा उपयोग मर्यादित आहे, असे वर म्हटले. कर्ज काढावे लागणार असेल तर संस्थेचे नाव या यादीत आहे की नाही, याला मात्र पूर्ण महत्त्व आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्यार्थ्यांसाठी एक तपशील. एनआयटींत निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात आणि राज्य ठरते ते बारावीची परीक्षा कोठून उत्तीर्ण केली यावरून. मातृभाषा किंवा मूळ गावावरून नव्हे. बेळगावात बारावी झालेल्याला सुरतकल, इंदूरच्या विद्यार्थ्याला भोपाळ, हैदराबादच्या विद्यार्थ्याला वारंगळ येथे स्वराज्याचा लाभ मिळतो. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत ते सारे इतर राज्यांच्या जागांसाठीच पात्र ठरतात.

पर्याय-अर्ज भरताना

आयआयटी, एनआयटी व अन्य केंद्रीय संस्थांच्या जागा २०१५ पासून संयुक्त जागावाटप प्राधिकरण, म्हणजे ‘जोसा’, एकत्रितपणे वाटते. पर्यायांचा क्रम ठरवताना एक समज हमखास आड येतो : आवाक्याबाहेरचा पर्याय वर लिहिला तर खालचा, मिळण्याजोगा पर्यायही हातचा जाईल. हा समज चुकीचा आहे. संगणकप्रणाली गुणानुक्रमाने प्रत्येक विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचते आणि त्याला मिळू शकणारी पहिली जागा देते. वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्या पर्यायावरील त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने, लांबलचक भरावी. मागील वर्षीचे शेवटचे क्रमांक केवळ अंदाजासाठी वापरावेत. ज्या ठिकाणी काही झाले तरी जावयाचे नाही, ते नाव मात्र यादीत लिहूच नये. ते मिळू शकते.

जागा मिळाल्यावर तीन मार्ग असतात. ‘फ्रीज’ म्हणजे हीच जागा कायम. ‘स्लाइड’ म्हणजे संस्था हीच, पण वरची शाखा मिळाल्यास ती स्वीकारणार. ‘फ्लोट’ म्हणजे यादीतील वरचा कोणताही पर्याय, कोणत्याही संस्थेत, मिळाल्यास घेणार. शेवटच्या दोन्ही मार्गांत वरचे मिळेपर्यंत हातची जागा सुरक्षित राहते; वरचे मिळाले की पहिली जागा आपोआप सुटते, ती परत मागता येत नाही. राज्यांच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियांतील नियम याहून वेगळे असतात आणि दरवर्षी बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका, विशेषतः कोणत्या फेरीत कितव्या पसंतीची जागा मिळाल्यास ती स्वीकारावीच लागते हे कलम, स्वतः वाचावे.

या काळात अनेक विद्यार्थी खबरदारी म्हणून एखाद्या खासगी संस्थेत आधीच प्रवेश घेऊन ठेवतात आणि नंतर तेथेच अडकतात, कारण मूळ गुणपत्रिका संस्थेच्या कपाटात असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रमाणपत्रे पाहून ती लगेच परत करावयाची असतात. स्वतःकडे ठेवून घेण्याचा तिला अधिकार नाही. विहित मुदतीत प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याचीही तरतूद आहे. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची दिनांकित पोच घ्यावी.